बाकी खुशाल

नाताळच्या सकाळी लोक शुभेच्छा देतात. पास्कूकाका बातम्या देत, आणि त्याही स्वतःच्या घरच्या. लग्नातला काळा कोट अंगात, हॅट काखेत, हातात फराळाचं ताट, अशा थाटात ते गल्लीतल्या एकेका दारात उभे राहत आणि घसा खाकरून म्हणत, "सालाचा सांगावा. हाय तसा सांगतो. वाढवत नाय, कमी करत नाय."

मग कोंबड्यांपासून सुरुवात होई.

"कोंबड्या तीन मेल्या. दोन मुंगसानं नेल्या, एक म्हातारी होऊन मेली. भात बरं झालं. विहिरीचा रहाट मोडला. मला पावसात खरूज झाली, आता नाय. पोलीस दारू शोधायला दोनदा आले. काय गावलं नाय." इथे ते क्षणभर थांबत आणि 'कमी करत नाय' हे आठवून पुढे म्हणत, "होती, पण गावली नाय."

गल्लीतलं एक दार पोलीस खात्यातल्या जमादारांचं होतं, आणि तिथेही हे असंच सांगितलं जाई. दारूबंदीचे कडक दिवस. जमादार आढ्याकडे बघत राहत, जमादारीणबाई घाईघाईने ताट घेऊन आत जात, आणि पास्कूकाका समाधानाने शेवटचं वाक्य म्हणत, "बाकी खुशाल." एवढं झालं की हॅट डोक्यावर आणि पाय पुढच्या दाराकडे.

अंधेरीच्या जुन्या गावठाणात, चर्चच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं. खाली ते एकटे, वर भाडेकरू आम्ही: वडील, आई आणि मी. पास्कूकाका तिथले मूळचे ख्रिस्ती शेतकरी. त्यांच्या वाडवडिलांना लिहिता-वाचता येत नसे, म्हणून नाताळात एकमेकांच्या घरी जाऊन वर्षाची खबर तोंडी सांगायची रीत पडली असावी. त्यांच्या बाकीच्या नातेवाइकांनी केव्हाच रंगीत कार्डं पाठवायला सुरुवात केली होती. काकांना कार्ड पटत नसे. "त्याच्यावर घंटा काढलेली असते," ते म्हणत, "कोंबड्या किती मेल्या ते कुठं असतं?"

फराळ ते स्वतः करत. त्यांची बायको, रोझामावशी, गेल्यापासून त्या घरात दुसरं कोणी करणारं नव्हतं. आमच्या करंजीसारखी त्यांची नेवरी असते. मावशींच्या हातची तोंडात विरघळे म्हणतात. काकांची नेवरी ताटात ठेवली की खडा पडल्यासारखा आवाज येई. आई ती दुधात भिजत घाली आणि दुसऱ्या दिवशीही बोटाने दाबून बघे.

हे सगळं मजेचं वाटलं असतं, पण एक अडचण होती. काकांच्या हिशेबी 'घर' म्हणजे वरचा मजलासुद्धा. छप्पर एक, तर सांगावाही एक. त्यामुळे कोंबड्या, भात, खरूज आणि पोलीस यांच्या पाठोपाठ आमचा नंबर लागे. "वरच्या भाडेकरूंनी कवळी बसवली. वरची. खालचे दात हाईत." वडील त्या आठवड्यात ऑफिसला मागच्या वाटेने जात. एका वर्षी मी होते. "वरची पोरगी मॅट्रिकला बसली. इंग्लिशमध्ये पहिली. मराठीत गचकली." मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. गल्लीतल्या बायका आधीच मला 'मडमेची शाळा' म्हणत. त्या नाताळानंतर समोरच्या कर्णिकबाई मला वाटेत गाठून विचारू लागल्या, "काय गं शालू, 'ळ' म्हणून दाखव बघू."

मला लाज फार लवकर वाटते. पाहुणे आले की मी आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसे, आणि पान उलटायला विसरे. आई म्हणायची, "अगं, तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी काय बसतेस? चार शब्द बोल की!" शब्द असत. ते घशाशी येऊन परत जात.

अशा मुलीला टेलिफोनवर बोलायची नोकरी मिळाली, यात चूक कोणाचीच नव्हती. फोर्टातल्या एका कंपनीला चांगलं इंग्रजी येणारी मुलगी हवी होती, आणि शाळेत मला वाचनाचं बक्षीस मिळालं होतं. वडिलांनी पेढे वाटले. पण पुस्तक वाचताना पुस्तक काही विचारत नाही. टेलिफोन वाजला की मी तो उचली, पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" करी, आणि मी इकडे मान हलवी. अगदी मनापासून हलवी. त्याने विचारलं, "साहेब आहेत का?" की मी मान डोलावून होकार देई. मग तो रागावून ठेवून देई. एक दिवस साहेबांनी मला बोलावलं. माणूस सभ्य होता. "मिस," ते म्हणाले, "टेलिफोनला तुमची मान दिसत नाही." पुढच्या सोमवारपासून येऊ नका, असं त्यांनी इतक्या हळू सांगितलं की मला तिथेही मानच हलवता आली.

घरी सांगायचा धीर झाला नाही. आई सकाळी डबा भरून देई, मी नेसून-सवरून निघे आणि गल्लीला वळसा घालून चर्चच्या मागे कबरींच्या आवारात चिंचेखाली जाऊन बसे. तिथे ओळखीचं कोणी भेटणार नाही अशी माझी समजूत होती. मी रोझामावशींना विसरले होते. पास्कूकाका दर आठवड्याला त्यांच्या कबरीभोवतीचा पाला झाडायला येत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खराटा खांद्यावर टाकून ते माझ्यासमोर उभे राहिले.

"काय गो, ऑफिस हिकडं आलं काय?"

मी मान खाली घातली. ते माझ्या शेजारी बसले, डबा उघडला, बटाट्याची भाजी बघून "हां" म्हणाले आणि जेवायला लागले. निम्मी भाजी संपल्यावर म्हणाले, "बोल आता."

आणि मी बोलले. घरात, ऑफिसात, कुठेही न फुटलेला आवाज तिथे फुटला. कदाचित ते माझ्याकडे न बघता पोळीकडे बघत होते म्हणून असेल. सगळं ऐकून त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"आज घरात सांग," ते म्हणाले. "गल्लीला मंग नाताळात सांगू."

घरी सांगितलं. वडील खूप वेळ चष्मा पुसत राहिले. आई रडली, मग स्वतःच उठून तिने डोळे पुसले आणि गल्लीसाठी उत्तर ठरवलं: शालूला ऑफिसची दगदग सोसवेना, म्हणून आम्हीच सोडवली. कर्णिकबाईंना हे उत्तर तेव्हाच पाठ म्हणून दाखवण्यात आलं. त्यांचा विश्वास बसला नाही, पण त्यांनी नाताळापर्यंत वाट बघायचं ठरवलं असावं. "बघू, पास्कूभाऊ काय सांगतात ते," असं त्या एकदा आईला हसत हसत म्हणाल्यासुद्धा.

पाऊस सरला, भात कापून झालं, आणि मला नाताळ समोर दिसायला लागला. इतरांना चांदणीचे कंदील दिसत. मला काळा कोट दिसे.

शेवटी नाताळच्या आदल्या दुपारी मी खाली गेले. काका ओटीवर बसून नेवऱ्या करत होते. मला बघून त्यांनी काटा पुढे केला, म्हणजे कडा दाबायला बस. मी बसले. आतल्या कपाटावर बेनीचा फोटो होता, खलाशाच्या पांढऱ्या कपड्यातला. बेनी म्हणजे काकांचा एकुलता मुलगा. आम्ही राहायला येण्याआधीच तो बोटीवर नोकरीला गेला होता. मी त्याला फक्त त्या फोटोत पाहिलं होतं. कपाटावर धूळ होती, फोटोच्या काचेवर नव्हती.

बऱ्याच नेवऱ्यांच्या कडा दाबून झाल्यावर मी म्हणाले, "काका, यंदा माझं नका ना सांगू."

ते कढईत बघत राहिले. "सांगायचं तर समदं सांगायचं, पोरी. पोत्याला एक भोक पडलं की सगळा दाणा सांडतो."

"पण मला लाज वाटते."

"मला खरूज झाली ती सांगताना मला काय गोड वाटलं?" ते म्हणाले, आणि नेवरी उलटायच्या नादात तेलात बोट घालून ओरडले. पुढे बोलणंच झालं नाही. मी वर येऊन बोटावर लावायला तूप नेऊन दिलं आणि रात्रभर जागी राहिले.

आमचं घर सांगाव्यात शेवटचं. तिथे काका पुरी-भाजी खायला थांबत, म्हणून मागोमाग जमादार-जमादारीणबाई आणि कर्णिकबाईही येत. त्या सकाळीही सगळे आले. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होते. काका उंबऱ्यात उभे राहिले. बोटाला चिंधी, बाकी थाट तोच.

"सालाचा सांगावा. हाय तसा सांगतो." कोंबड्या झाल्या. भात झालं. रहाट नवा बसला. पोलीस एकदाच आले. जमादारांनी आढं बघितलं. मग, "वरच्या भाडेकरूंचा चष्मा बदलला. वरच्या बाईंचं गुडघं दुखतं, तेल चालू हाय. वरची पोरगी…"

ते थांबले.

मी दाराची कडी घट्ट धरली. काकांनी हॅट काखेतून काढली, परत काखेत घातली. असं कधी झालं नव्हतं.

"बाकी खुशाल," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. कर्णिकबाईंना कळलं.

"अहो पास्कूभाऊ, पोरीचं राहिलं की! बाकी म्हणजे काय?"

"बाकी म्हंजे बाकी."

"वा! दातांचं सांगता, खरजेचं सांगता, आणि नोकरीचं गाळता? कमी करत नाय म्हणता ना?" त्या जमादारांकडे बघून हसल्या. "आणि हो, बेनीचंही कधी सांगत नाही तुम्ही. काय करतो हो तो? पत्र-बित्र येतं की नाही?"

बाईंनी ते वाईट बुद्धीने विचारलं नव्हतं. बोलण्याच्या ओघात आलं. पण काकांच्या हातातलं ताट हललं, आणि नेवऱ्या एकमेकींवर आपटून वाजल्या. खड्यांसारख्या.

इतक्या वर्षांत कोंबडी न् कोंबडी सांगितली गेली होती, आमचे दात मोजले गेले होते, आणि त्या सांगाव्यात बेनीचं नाव एकदाही आलेलं मला आठवेना. तो त्या शेवटच्या 'बाकी'मध्ये होता. काका त्याला दर वर्षी तिथे ठेवत, आणि यंदा त्यांनी मलाही तिथेच, त्याच्या शेजारी, जागा करून दिली होती. त्यासाठी पोत्याला भोक पाडून घेतलं होतं. आता सगळे त्या भोकातून आत बघत होते. काका ताटाकडे बघत उभे होते. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं, आणि खरं सांगायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

मी दाराआडून बाहेर आले.

"कर्णिकमावशी," मी म्हणाले. माझा आवाज इतका मोठा येईल असं मला वाटलं नव्हतं. "मी नोकरी सोडली नाही. मला काढून टाकलं. टेलिफोनवर बोलायचं होतं, आणि माझ्या तोंडून शब्द निघत नव्हता. मी नुसती मान हलवत होते. मग घरी न सांगता डबा घेऊन चर्चच्या मागे बसत होते." माझे कान जळत होते. आईने पदर तोंडाला लावला होता. आता थांबावं कसं ते कळेना, म्हणून मला येत होता तोच शेवट केला. "बाकी खुशाल."

कर्णिकबाई म्हणाल्या, "अगं बाई! मग आत्ता कसा गं फुटला आवाज?"

जमादार हसले, वडीलही हसले, आणि बेनीचा प्रश्न त्या हसण्यात वाहून गेला. काकांनी ताट माझ्यापुढे धरलं. "घे. वाढवलं नाय, कमी केलं नाय." मी नेवरी घेतली आणि तिथेच चावली. दात शाबूत राहिले, एवढंच सांगते.

पुरी-भाजी झाली, माणसं पांगली. रिकामं ताट घेऊन काका जिना उतरू लागले. आमचा जिना दिवसाही अंधारा. त्यांना हात द्यावा म्हणून मी मागोमाग गेले. अर्ध्यावर ते थांबले. मागे वळून बघितलं नाही.

"बोटीवरनं पत्र टाकायला पेटी नसते, गो," ते म्हणाले. "बंदरात उतरलं तरच टाकायचं. नाय काय?"

मी मान हलवली.

ते तसेच उभे होते, पाठ माझ्याकडे, एक हात कठड्यावर. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं, "खुशाल असंल ना गो?"

मी परत मान हलवली, आणि मग माझ्या लक्षात आलं, की त्यांना माझी मान दिसत नाही.

"असेल, काका," मी मोठ्याने म्हणाले.

"हां," काका म्हणाले, आणि एकेक पायरी चाचपत खाली उतरले.