किल्लीची जागा

हिवाळ्यात चार दिवस सपत्नीक बाहेरगावी जाऊन राहावे, हा निर्णय आपण स्वतः घेतला, असे भांडारपालांचे आजही म्हणणे आहे. वस्तुतः तो त्यांच्या साडूने घेतला. एका नातेवाइकाकडे पंगतीला सारा गोतावळा बसलेला असताना साडूने भरल्या ताटावरून आवाज चढवला, "साडूभाऊ, तुम्हाला काही घर सोडवायचं नाही! आणि गेलातच, तर दुसऱ्या दिवशी परत याल, कपाटाला कुलूप लागलंय का ते बघायला!"

पंगत हसली. साडूची बायको, म्हणजे भांडारपालांची मेहुणी, तर ठसका लागेपर्यंत हसली. पत्नी मात्र हसली नाही. तिने नुसते नवऱ्याकडे पाहिले, आणि ते पाहणे सगळ्या पंगतीच्या हसण्याहून जड होते.

"येत्या बुधवारी जातो!" भांडारपाल गरजले. "रविवारपर्यंत तिथून हलत नाही. आणि हिला तिथे इकडची काडी तिकडे करू देणार नाही!"

(पत्नीने तेव्हाच मनातल्या मनात म्हटले असावे, "बघू." विवाहित स्त्रियांचा हा शब्द फार पुरातन आहे.)

भांडारपाल हे त्यांचे नाव नव्हे, हुद्दा होता. एका कारखान्याचे भांडार त्यांनी निवृत्तीपर्यंत सांभाळले. कारखाना त्यांना विसरला, पण ते भांडाराला विसरले नाहीत. किल्ल्यांविषयी तर त्यांचे स्वतंत्र शास्त्र होते: खोलीची किल्ली खोलीबाहेर पडताच फळ्यावरील खिळ्याला, आणि भांडाराची किल्ली भांडारपालाच्या कमरेला. या नियमात बदल करणे म्हणजे सूर्याला पश्चिमेकडून उगवण्याची विनंती करणे होय, अशी त्यांची धारणा होती.

हॉटेलही साडूनेच सुचवलेले होते. टेकडीच्या पायथ्याशी, शेतांच्या मधोमध, उतरत्या छपराचे ते टुमदार घर होते. मॅनेजर म्हणजे एक कृश, सदैव मफलरात गुंडाळलेला गृहस्थ. हिवाळ्याचा हंगाम असल्याने सर्व खोल्या भरलेल्या. भांडारपालांनी भाडे आगाऊ भरले आणि पत्नीस सांगितले, "आता तू पाहुणी आहेस."

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्नीचा हात सवयीने रजईची घडी घालण्यास पुढे झाला.

"खबरदार!"

"अहो, पण असं पसरलेलं ठेवायचं?"

"पसरलेलंच ठेवायचं. तू खाली जाऊन चहा घे. मी आलोच."

पत्नी गेली. भांडारपाल पसरलेल्या रजईसमोर एकटे उरले. रक्त पाहून काही लोकांना घेरी येते; भांडारपालांना चुरगळलेली चादर पाहून येई. प्रथम त्यांनी रजईचे केवळ एक टोक सरळ केले. मग दुसरे टोक वाकडे दिसू लागले. थोड्याच वेळात रजया चौकोनी झाल्या, उशा एकावर एक चढल्या, पेले पालथे झाले, न्हाणीघराची फरशी कोरडी झाली, साबणसुद्धा पुसून निघाला. बॅगा उघड्यावर नकोत म्हणून पलंगाखाली पार आत सरकल्या, कानटोपी घडी होऊन कपाटात गेली. शेवटी, खोली मिळाली त्याहून बरी झाल्याची खात्री करून घेऊन, त्यांनी दार लावले आणि किल्ली खालच्या फळ्यावर तिच्या खिळ्याला अडकवली. मॅनेजर त्या वेळी मागच्या अंगणात पाणी तापवण्याच्या बंबाशी झगडत होता. पतिपत्नी प्रसन्न चित्ताने लांबच्या तळ्याकडे फिरावयास निघाले.

मॅनेजर परतला तो फळ्यावर किल्ली. वर जाऊन पाहतो तो खोली सारवून ठेवल्यासारखी. पाहुणा राहत असलेल्या खोलीत ओला टॉवेल खुर्चीवर असतो, हे त्याचे आयुष्यभराचे ज्ञान. येथे तर साबणही कोरडा! तो एकच निष्कर्ष काढू शकत होता, आणि तो त्याने काढला.

दैवाची करणी अशी की नेमका त्याच वेळी साडू सपत्नीक दारात उभा राहिला. तो विश्रांतीसाठी आला नव्हता. पाहणीसाठी आला होता.

"आमचे साडूभाऊ कुठंयत?"

"ते? गेले की, साहेब. सकाळीच."

साडूचा चेहरा असा उजळला, की मॅनेजरने मफलर सैल केला. त्याने ती रिकामी झालेली खोली तेथल्या तेथे घेतली आणि पंगतीतल्या प्रत्येकाला फोन करून ही शुभवार्ता कळवली.

भांडारपाल उन्हे डोक्यावर आल्यावर परतले. फळ्यावर किल्ली नाही. वर गेले तर दाराला आतून कडी. त्यांनी दार ठोठावले.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"या खोलीत राहणारे!"

"या खोलीत राहणारे घाबरून घरी पळाले!"

"कोण पळाले?"

"आमचे साडूभाऊ! तुम्ही कोण?"

"तुमचे साडूभाऊ!"

आत कडी खडखडली. मग दार उघडले. साडूच्या डोक्यावर भांडारपालांचीच कानटोपी होती. (कपाटात चार घड्या घातलेली सापडली, कोणी विसरले असेल म्हणून घातली, असे त्याने नंतर सांगितले.)

"ताई!" मेहुणी किंचाळली. "अगं, तुम्ही गेला होतात ना?"

"फिरायला," पत्नी शांतपणे म्हणाली, आणि तिने नवऱ्याकडे पाहिले. पंगतीतलेच ते पाहणे.

मॅनेजर धावत आला आणि हात जोडून उभा राहिला. साडू म्हणाला, "भाडं आता आम्हीही भरलंय. राहा की आमच्यात! खाली गादी टाकू." साडूच्या खोलीत, साडूच्या उपकारावर, जमिनीवर? त्यापेक्षा परतणे बरे. पण परतलो तर साडू खरा ठरतो. भांडारपालांची अवस्था अडकित्त्यातल्या सुपारीसारखी झाली.

"एक जागा आहे, साहेब," मॅनेजर संकोचाने म्हणाला. "पण पाहुण्यांना देण्याजोगी नाही. रजया-उशांचं भांडार."

"काय म्हणालात?" भांडारपालांची मान ताठ झाली.

ते भांडार नव्हते, तो अत्याचार होता. रजयांत उशा, उशांत पडदे. पण साऱ्या हॉटेलात उबदार खोली तीच. पत्नीने रजयांच्या ढिगावर अंग टाकले आणि ती अशी झोपली, की लग्नानंतर प्रथमच तिला दुपार म्हणजे काय ते कळले. भांडारपालांनी बाह्या सारल्या.

दुसऱ्या दिवसापासून हॉटेलला शिस्त लागली. सकाळी सर्व रजया गोळा करून उन्हात टाकावयाच्या, दुपारी भांडारात जमा, दिवेलागणीला वाटप. एका भांडाराला दोन किल्ल्या दोघांकडे असणे हे सर्व चोऱ्यांचे मूळ, म्हणून मॅनेजरची दुसरी किल्लीही भांडारपालांच्या कमरेला आली. मॅनेजर विरघळून गेला. पत्नी ओसरीवर उन्हात बसून बहिणीशी गप्पा मारी आणि कोणी आणून दिलेला चहा पिई.

संध्याकाळी साडू भांडाराच्या दाराशी आला.

"साडूभाऊ, आणखी एक रजई द्या."

"आधीची कुठं आहे?"

"पलंगावर आहे!"

"मग दुसरी कशाला?"

"अहो, थंडी वाजते!"

"ती मागणी नव्हे, तक्रार झाली. तक्रार मॅनेजरकडे."

रविवार उजाडला. दुपारची जमा आटोपून, रजया मोजून, कुलूप ओढून पाहून, भांडारपाल पत्नीसह बसथांब्यावर आले. साडू आणखी एक दिवस राहणार होता. निरोप देताना तो खरोखर नमला. "हरलो, साडूभाऊ. राहिलात रविवारपर्यंत. सगळ्यांना फोन करून सांगतो."

"आणि मी काडीसुद्धा हलवली नाही," पत्नी म्हणाली. भांडारपालांच्या आयुष्यातील हा सर्वोच्च क्षण होता. तो घरी पोहोचेपर्यंत टिकला.

दिवेलागणीला घरात पाऊल टाकताच फोन वाजला.

"अभिनंदनाचा असेल," भांडारपाल म्हणाले. "तूच घे."

पत्नीने बराच वेळ ऐकून घेतले. "अहो, तुमच्या साडूंचा आहे. अख्खं हॉटेल ओसरीवर कुडकुडत उभं आहे म्हणे. मॅनेजरनं आपला मफलर तुमच्या साडूंना दिलाय. विचारतायत, तुमच्या कमरेला काय आहे?"

भांडारपालांचा हात कमरेकडे गेला. दोन्ही किल्ल्या तेथे, नियमाप्रमाणे, जागच्या जागी होत्या.

"आणखी काय म्हणाला?"

"म्हणाले, घर सोडवत नाही हे शब्द मागे घेतो. घर सोडवतं, भांडार सोडवत नाही. तिकडची शेवटची बस गाठा."

भांडारपालांनी मुकाट्याने कानटोपी चढवली. "तू येतेस ना?"

"छे! मला आता विश्रांतीची सवय झालीय," पत्नी पलंगावर पाय पसरत म्हणाली. पांघरूण मुद्दाम चुरगळलेलेच ठेवून तिने पुढे म्हटले, "आणि हे बघा, जाताना आपल्या घराची किल्ली तेवढी खिळ्याला अडकवून जा."