उतरायचं तर हितंच उतरा

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. तशा मोरे नायकांच्या गोष्टी मी साऱ्या कचेरीला सांगत आलो आहे. त्यांची नक्कल मला बरी जमते असं लोक म्हणतात. पण नक्कल रंगात आली की दर वेळी एका ठरावीक जागी मी थांबतो आणि सगळ्यांना चहा मागवतो. आज त्या जागेच्या पुढचं लिहायला बसलो आहे.

आधी नायक. नाटकातले नव्हेत, मिल्ट्रीतले. कुणी 'नाईक' म्हटलं की ते लगेच सुधारत, "नाईक आडनाव आस्तं. आपलं नायक. ह्यो हुद्दा म्या कमवलाय." पंधरा वर्षं फौजेच्या गाड्या चालवून सुटल्यावर त्यांनी पुण्याकडच्या एका लिलावात लढाईतली जुनी अमेरिकन जीप घेतली आणि साताऱ्याला पोवई नाक्यावर लिंबाच्या झाडाखाली आणून उभी केली. वरच्या डोंगरात, जिथं यष्टी जात नाही आणि बैलगाडी कुरकुरत जाते, तिथं ही जीप भाड्यानं जाई. पुण्या-मुंबईचे पाहुणे घेऊन साताऱ्यातली मंडळी तिच्यातून सहलीला निघत.

निघत म्हणजे, आधी उभी राहत. नायकांच्या जीपमध्ये बसण्यापूर्वी एका ओळीत उभं राहावं लागे. लहानथोर, बायका-पुरुष, सगळ्यांनी. नायक समोरून एक फेरी मारत, प्रत्येकाकडे डोळे बारीक करून बघत आणि कोणी कुठं बसायचं ते वजनावरून ठरवत. एका जाडजूड वकिलांना त्यांनी सांगितलं होतं, "तुमी मधी बसा, वकीलसायेब. कडंला बसलासा तर माजी गाडी दिसभर समद्या डोंगराला वाकून नमस्कार करत जाईल."

मग ते टाचा जुळवत आणि समोरच्या लिंबाकडे बघत एका दमात भाषण करत.

"मी नायक सखाराम मोरे. फौजेत पंधरा वर्सं डायव्हर. गाव परळी खोऱ्यात. मी बौद्ध हाय. आदी काय हुतो ते तुमास्नी ठावं हाय. कुणाला उतरायचं तर हितंच उतरा. फुडं चढाला मी गाडी थांबवीत न्हाई."

बहुतेक लोक हसत आणि बसत. काही चुळबुळत बसत. एका अडत्यांच्या पोटात मात्र नेमकं त्याच क्षणी दुखायला लागलं. नायकांनी त्यांची छत्री जीपमधून काढून त्यांच्या हातात दिली, सलाम ठोकला आणि म्हणाले, "तब्येत संभाळा, शेट." त्यात टोमणा नव्हता. पण अडते पुढं चार महिने नाका टाळून गल्लीतून जात होते.

मी एकदा विचारलं, "नायक, हे आधीच कशाला सांगता? गिऱ्हाईक जातं."

"जाऊ द्या की. आवं भाऊसायेब, आदी सांगितलं तर मानसाला उतराय जागा आस्ती. मधीच कळ्ळं तर ते तितंच आडकून बसतं. मंग ते माझ्या छागलीतलं पानी मागंना. दिसभर तान्हेलं ऱ्हातं. म्या बगितलंय तसं एक मास्तर. व्हट सुकल्यालं, आन् 'तहान नाही, तहान नाही' म्हनत हुतं." ते बॉनेटपुढं टांगलेल्या कॅनव्हासच्या छागलीवर हात फिरवत म्हणाले, "मला तान्हेलं मानूस बगवत न्हाई."

मी कचेरीत कारकून, म्हणून 'भाऊसायेब'. कुणाची सहल ठरली आणि एक जागा रिकामी असली की ते मला बोलावत. डोंगर चढताना त्यांचा हात बघणं हा माझ्या आयुष्यातला एक मोठा आनंद होता, अजूनही आहे. चढ आला की ते खालचा छोटा दांडा ओढत आणि जाहीर करत, "आता चारी पायावर." जीप चिखलात रुतली तर 'अडकली' म्हणायचं नाही. "इच्यार कराय लागलीया," असं म्हणायचं. कुणी लवकर चला म्हटलं की, "घाई आसंल तर यष्टी हाय." रानात ते भोंगा वाजवत नसत. "हितं आपुन पाव्हणं. पाव्हण्यानं वरडू नये." नाक्यामागच्या एका खोलीत ते एकटेच राहत. सकाळी खोलीला कुलूप लावताना आतल्या रिकाम्या खाटेला "आलोच" म्हणून निघत. का, ते मी कधी विचारलं नाही.

आता माझी आत्या. तिनंच मला सांगलीला लहानाचं मोठं केलं. सोवळंओवळं कडक, जीभ तिखट, आणि माया अशी की अजून माझ्या ताटातलं मीठ ती बघते. एका वर्षी नवरात्रात ती साताऱ्याला आली आणि म्हणाली, "अरे, एकदा देवीला घेऊन चल. डोळे मिटण्याआधी बघायचीय." आमची कुलदेवी कासच्याही पलीकडे, सड्याच्या टोकाला. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघडं कातळाचं पठार. तिथवर पूर्वी माणसं चालत जात. आत्याचे गुडघे तर जिना चढताना रडत. तिला नेणारी एकच गाडी होती.

मी आदल्या दिवशी दुपारी नाक्यावर गेलो. जीप सांगितली आणि मग उभाच राहिलो.

"आजून काय?" नायक म्हणाले.

"उद्या ते भाषण... तेवढं एक वाक्य गाळलंत तर. आत्या जुन्या वळणाची आहे."

ते फडक्यानं काच पुसत होते. पुसलेलीच जागा त्यांनी पुन्हा पुसली.

"किती वर्सांनी देवीला चालल्यात?"

"वीस तरी."

"बरं. मी सांगनार न्हाई. पर कुनी इचारलं, तर खोटं बी बोलनार न्हाई. काय सांगायचं त्ये सांगाय तुमी हैसाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. आत्या एकटी ओळीत उभी राहिली आणि नायकांनी तिला पुढची जागा दिली. त्या अमेरिकन जीपचं स्टिअरिंगचं चाक डाव्या बाजूला. उजवीकडे, जिथं आपल्याकडे ड्रायव्हर असतो, तिथं आत्या नऊवारी सावरून हात मांडीवर ठेवून बसली. पेट्री गावाच्या अलीकडे एका धनगरानं ते पाहिलं आणि तो ओरडला, "आरं बगा रं! म्हातारी गाडी हाकतीया, आन् चाकाला हात बी लावंना!" आत्यानं त्याला देवीसारखा आशीर्वादाचा हात केला. नायक इतके हसले की त्यांना गाडी थांबवावी लागली. चढाला.

तिथून दोघांचं जमलं. आत्या रस्त्यात प्रत्येक वळणाला "अगं बाई" म्हणायची, नायक "ह्ये तर काईच न्हाई" म्हणायचे. पक्का रस्ता संपला, सडा लागला. तेरडा आणि सोनकी इतकी फुलली होती की चाकं कुठून न्यावीत हा प्रश्न पडावा. नायक खरोखरच फुलं चुकवत, कातळावरून वाकडीतिकडी गाडी नेत होते.

"मोरे म्हणजे," आत्या मधेच म्हणाली, "जावळीचे मोरे का तुम्ही?"

नायकांनी समोर बघत गेअर बदलला. त्यांनी तोंड उघडलं. मी मागून घाईनं म्हणालो, "हो, हो. त्यांतलेच."

आरशात त्यांनी माझ्याकडे बघितलं. 

"वाटलंच मला. चेहऱ्यावरच आहे," आत्या म्हणाली, आणि तिथून पुढं ती त्यांना 'सरदार' म्हणू लागली. सरदार, जरा हळू. सरदार, ती कसली फुलं हो? नायक उत्तर देत होते, पण दर 'सरदार'ला त्यांची मान थोडी आखडायची. राजगिऱ्याचा लाडू तिनं दिला तो त्यांनी घेतला. स्वतःच्या छागलीतलं पाणी मात्र तिला दिलं नाही. "ह्ये विंजिनाचं हाय, आत्याबाई," म्हणाले, आणि मला तिचा तांब्या घेऊन झऱ्यावर पिटाळलं. इंजिनाचं कसलं! मी ते पाणी कैक वेळा प्यालो होतो.

जीप जिथवर जाते तिथवर ते घेऊन गेले. पुढं देवीपर्यंत दोनशे पावलांची खडी वाट होती. आत्या वीस पावलं चढली आणि दगडावर बसली. उठेना. माझ्या अंगात तिला उचलायचा जोर नव्हता. आत्यानं खालूनच हात जोडले आणि म्हणाली, "इथूनच नमस्कार. नशिबात एवढंच." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला मी रडताना कधी पाहिलं नव्हतं.

नायक मला बाजूला घेऊन गेले.

"मी उचलतो त्यास्नी. पिसावानी हैत. पर आदी त्यास्नी सांगा."

"काय?"

"काय म्हंजी? सकाळी जे गाळलं त्ये. गाडीत बसनं येगळं. आंगावर घेऊन देवाच्या दारात न्यायचं, आन् त्यास्नी ठावं न्हाई, आसं मी करनार न्हाई. म्हातारीला फशिवल्यागत हुतं. सांगा. हो म्हनल्या तर उचलतो. न्हाई म्हनल्या तर न्हाई. मला राग न्हाई."

ते जीपपाशी जाऊन उभे राहिले. मी आत्याजवळ गेलो. मला तिथं एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "आत्या, नायक उचलून नेतील म्हणतात. चालेल ना?"

"अरे, न चालायला काय झालं?" आत्या म्हणाली आणि जोरजोरात मान हलवली.

ती मान नायकांनी लांबून पाहिली. मी परत गेलो.

"काय म्हनल्या?"

"'न चालायला काय झालं' म्हणाली."

"आसंच म्हनल्या?"

"अगदी असंच."

"समदं सांगितलंसा?"

"सगळं," मी म्हणालो.

आत्या नको म्हणेल याची मला भीती होती, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. 'मग सकाळी जावळीचे का म्हणालास?' असं ती विचारील, एवढीच भीती होती. त्या एवढ्याशा लाजेपायी मी ते केलं.

नायकांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. त्यांनी बूट काढले, हातपाय धुतले आणि आत्याला अलगद उचललं. दोनशे पावलं कुठं थांबले नाहीत. वर तिला उतरवलं आणि स्वतः देवीकडे न जाता पाठमोरे, दरीकडे तोंड करून उभे राहिले. "मी देव सोडल्यात, आत्याबाई. तुमचं चालू द्या," म्हणाले. फौजेत गेलेली माणसं अशीच होतात, असं आत्यानं मला नंतर समजावून सांगितलं. दर्शन झाल्यावर तिनं त्यांना खाली वाकायला लावलं आणि दोन्ही हात त्यांच्या डोक्यावर ठेवले. बराच वेळ ठेवले.

उतरताना आत्या गाडीत पेंगली. नायक कधी नव्हे ते हळू आवाजात माझ्याशी बोलले.

"माजी आई खाली खोऱ्यात गेली. मी तवा वर बरफात हुतो. तार आठ दिसानं पोचली. खांदा द्याला मी नव्हतो." थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "आई गेल्यापासनं डोस्क्यावर कुनी हात ठिवला नव्हता, बगा. आन् ठिवला तो समदं ठावं आसून."

मी बाहेरची फुलं बघत राहिलो.

त्या दिवसानंतर भाषण बदललं. साताऱ्यात हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामागचं खरं मात्र कुणाला माहीत नाही. नायक आता ओळीपुढं उभे राहून नाव सांगतात, गाव सांगतात, बौद्ध असल्याचं सांगतात, आणि 'उतरा' म्हणण्याऐवजी म्हणतात, "सांगलीच्या एक आत्याबाई हैत. सोवळ्यातल्या. समदं सांगून मी त्यास्नी उचलून देवीला न्हेलं. त्या काय म्हनल्या ठावं हाय? न चालायला काय झालं! चला, बसा." लोक हसतात आणि खुशीत बसतात. आजवर एकही उतरलेला नाही. मी नाक्यावर असलो तर ते माझ्याकडे बोट करतात, "ह्ये साक्षीला हुते," आणि मी मान हलवतो.

दोघांची देवाणघेवाणही सुरू आहे. आत्या सांगलीहून भडंगाचा डबा पाठवते. नायक रानातला मध पाठवतात. तो मिल्ट्रीच्या रमच्या बाटलीतून जातो, लेबल खरवडून. आत्या ती बाटली देवघरात ठेवते आणि एकादशीला त्यातला मध देवाला दाखवते. दोन्हीकडची पार्सलं माझ्याच हातून जातात. आत्याच्या पत्राखाली 'सरदारांना आशीर्वाद' असतो. मी तो पोचवतो, पण 'तुम्हाला आशीर्वाद सांगितलाय' एवढंच म्हणतो.

खरं सांगितलं असतं तर आत्या काय म्हणाली असती, मला माहीत नाही. कदाचित हेच म्हणाली असती. तिनं माझ्यासारख्याला पोसलं, तिचं मन एवढं लहान असेल असं मी का धरून चाललो? तिला काय म्हणायचं होतं ते मी तिला म्हणू दिलं नाही, आणि नायकांना ज्याचा आनंद झाला ते घडलंच नव्हतं.

आत्या आता फार थकली आहे. नायकांचे केस पांढरे झाले आहेत. सांगलीला जाऊन आत्याला ते कोण आहेत ते सांगायचं, आणि परत येऊन नायकांना, मी त्या दिवशी सगळं सांगितलं नव्हतं, हे सांगायचं. हे छापायला देण्याआधी दोन्ही करायला हवं होतं. अजून केलेलं नाही. दोघांचंही एवढं देणं माझ्याकडे आहे.