शैलजाबाईंची राहून गेलेली साक्ष

"कोर्ट म्हणजे काय गं? एक मोठा वर्ग! पोरं तेवढी जरा दांडगी. गप्प बसवायला मला एक मिनिट पुरे!"

शैलजाबाई नाटेकरांनी शेजारच्या मंजुषाला हे ठणकावून सांगितलं, तेव्हा समन्स आणणारा हवालदार अजून जिन्यातच होता. मंजुषा कामावर निघाली होती. तिचा एक पाय चपलेत होता आणि दुसरी चप्पल सापडत नव्हती.

"छानच हो काकू! संध्याकाळी निवांत बोलू."

मंजुषाची निवांत संध्याकाळ गेली दोन वर्षं उगवायची होती.

बाईंचा दोष नव्हता आणि मंजुषाचाही नव्हता. सिल्वासाच्या डोकमर्डी भागातली ती अख्खी बिल्डिंगच सकाळी नऊला रिकामी व्हायची. कुणी मसाटच्या कारखान्यात, कुणी सरकारी कचेरीत, पोरं शाळेत. मागे उरायचे वॉचमन, एक मांजर आणि शैलजाबाई. वॉचमन दुपारी झोपायचा. मांजरही झोपायचं. लिफ्टमधली ती रेकॉर्ड केलेली बाई "कृपया दरवाजा बंद करें" म्हणायची, तेव्हा शैलजाबाई तिला "करते हो, करते!" असं उत्तर द्यायच्या. दिवसभरातला हा बहुतेक सगळ्यात मोठा संवाद असायचा!

रत्नागिरीकडून नवऱ्याच्या नोकरीपायी सिल्वासात आलेल्या शैलजाबाईंनी इथल्या मराठी शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. बरोबरच्या शिक्षिका निवृत्त झाल्या तशा आपापल्या गावी परतल्या. सहा वर्षांपूर्वी यजमान सदाशिवराव गेले. मुलगी धनश्री हैदराबादला. शैलजाबाई तेवढ्या राहिल्या. फोन हातात असताना एखादा यायचा, नाही असं नाही. पण पलीकडून बहुतेक वेळा क्रेडिट कार्डच हवं का, असं विचारलेलं असायचं.

आणि अशा बाईंना आता चक्क सरकारनं बोलावलं होतं! नाव, वय, पत्त्यासकट! कागदावर लिहिलं होतं, 'पंच साक्षीदार'. बाईंनी त्यातला 'पंच' तेवढा वाचला.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. भाजी घेऊन घरी येताना एका चाळीपाशी पोलिसांनी त्यांना थांबवलं. "मॅडम, दो मिनिट. पंच पाहिजे." दोन मिनिटांचे दोन तास झाले. एका खोलीतून एक शिलाई मशीन बाहेर काढलं, कागद लिहिला, बाईंनी सही केली आणि कोमेजलेली मेथी घेऊन त्या घरी गेल्या. आता ती केस उभी राहिली होती.

पंच म्हणजे निवाडा करणारा. एकतीस वर्षं पोरांना हाच शब्दार्थ लिहून दिला होता! म्हणजे त्या माणसानं चोरी केली की नाही, हे आता शैलजाबाईंनी सांगायचं. केवढी जबाबदारी! त्यांनी फुलस्केप कागद आणले, डाव्या बाजूला समास आखला आणि निकालपत्र लिहायला घेतलं. आरोपी कसा आहे ते बघितल्याशिवाय ठरवणं बरं नव्हे, म्हणून दोन निकाल लिहिले. एक 'दोषी', एक 'निर्दोष'. दोन्ही पाच-पाच पानी!

धनश्रीला फोन केला.

"समन्स? आई, काय केलंस तू?"

"मी काय करणार? मी पंच आहे!"

"म्हणजे नक्की काय करायचंय तुला?"

बाईंनी सविस्तर सांगितलं. एरवी दीड मिनिटात आटपणारा फोन सहा मिनिटं चालला. फोन ठेवल्यावर बाईंना वाटलं, हे कोर्ट आधीच यायला हवं होतं आयुष्यात.

तारखेच्या दिवशी बाई पावणेदहालाच हजर! अंगावर काठपदराची साडी, काखेत फाइल. कोर्टाच्या व्हरांड्यात एक लांबलचक बाकडं होतं. त्याच्या एका टोकाला एक बाई तोंड फिरवून बसली होती. दुसऱ्या टोकाला एक माणूस तोंड फिरवून बसला होता. मधे रिकामी जागा. मारामारी केलेल्या दोन पोरांच्या मधे जाऊन बसायची सवय बाईंना होतीच. त्या बसल्या.

तेवढ्यात सरकारी वकीलबाई आल्या.

"शैलजा नाटेकर तुम्हीच ना? घाबरू नका. सोपं आहे. पंचनाम्यावरची सही माझी आहे आणि मशीन माझ्यासमोर जप्त झालं, एवढंच सांगायचं."

"आणि निकाल?"

"कसला निकाल?"

"माझा!" बाईंनी फाइल उघडली. "दोन आणलेत."

वकीलबाईंनी समास आखलेले ते दहा कागद पाहिले. मग बाईंकडे पाहिलं. मग पुन्हा कागदांकडे.

"मॅडम, निकाल साहेब देतात."

"मग मला पंच कशाला म्हणता?"

वकीलबाईंनी फाइल हळूच मिटली. बाईंचा चेहरा असा उतरला, की पलीकडच्या टोकाची बाई आपला राग विसरून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ना बाई. चांगलं अक्षर हाये तुमचं."

ही सरुबाई. मशीन हिचं. धुळ्याकडची, ब्लाउज शिवून पोट भरणारी. आणि दुसऱ्या टोकाचा तो झुंबर, आरोपी. तोही तिकडचाच, मसाटच्या कारखान्यात मशीन ऑपरेटर. दोघांच्या खोल्या एकमेकींना लागून. पण चार वर्षांत एकमेकांशी चकार शब्द नाही!

साडेअकराला पुकारा झाला. साहेब रजेवर, पुढची तारीख. सरुबाईनं कपाळावर हात मारला. झुंबर म्हणाला, "पुन्हा हाफ डे गेला!" शैलजाबाईंनी मात्र पर्समधून पेन काढलं आणि उत्साहानं विचारलं, "कधीची?"

घरी येऊन त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला लाल गोल केला. त्या पानावर त्याआधी फक्त गॅस सिलिंडरची नोंद होती.

निकाल द्यायचा नाही तर नाही, साक्ष तर द्यायची होती! बाई तयारीला लागल्या. आरशापुढे उभं राहून "मी शपथेवर सांगते की..." असं रोज तीनदा. आवाज पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत पोचला पाहिजे. तो इतका पोचला, की खालून वॉचमन धावत वर आला आणि "मॅडम, कोई आया है क्या?" असं विचारू लागला.

"नाही रे बाबा," बाई म्हणाल्या. "कुणीच नाही आलं."

दुसऱ्या तारखेला बाईंनी चार पुडांचा डबा नेला. आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ, नारळाची चटणी, सांज्याच्या पोळ्या. एवढं सगळं एकटीसाठी करवत नाही, पण कोर्टात जायचं म्हटल्यावर हात आपोआप चालला. डबा उघडला आणि अर्धा सरुबाईपुढे, अर्धा झुंबरपुढे केला.

"मी ह्याच्यासोबत जेवत नाय," सरुबाई म्हणाली.

"मले बी भूक नाय," झुंबर म्हणाला. त्याच वेळी त्याचं पोट असं काही गुरगुरलं, की शिपायानं वळून पाहिलं!

"सोबत कोण म्हणतंय? मी मधे आहे ना!" बाई म्हणाल्या. "इकडे बघून तू जेव, तिकडे बघून तू जेव."

दोघं दोन दिशांना तोंडं करून जेवली. तेवढ्यात वकीलबाई आल्या आणि जागच्या जागी थिजल्या.

"मॅडम! तुम्ही सरकारच्या साक्षीदार आहात! आरोपीला जेवू घालताय?"

"फिर्यादीलाही घातलंय हो! बसा, तुम्हालाही एक आंबोळी देते."

वकीलबाई बसल्या नाहीत. पण जाताना उभ्याउभ्या एक सांज्याची पोळी घेऊन गेल्या. त्या दिवशी झुंबरच्या वकिलाला ताप होता. पुढची तारीख!

तिसऱ्या तारखेला दुसरीच केस दिवसभर चालली. बाईंना काही वाईट वाटलं नाही. आता शिपाई त्यांना "आलात का बाई?" म्हणून विचारत होता. सरुबाईनं त्यांच्या ब्लाउजची उसवलेली बाही तिथल्या तिथे टाचून दिली होती. झुंबर त्यांचा मोबाइल बघून म्हणाला होता, "बाई, ह्याच्यात रिंगच बंद हाये! कोणाचा फोन आला तर समजंल कसं?" बाई म्हणाल्या, "असं होय!" आणि मनातल्या मनात खूप बरं वाटून घेतलं. म्हणजे लोकांनी फोन केलेही असतील!

मग आली चौथी तारीख, आणि बाईंनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

पुकारा व्हायला वेळ होता. बाई म्हणाल्या, "तुम्ही दोघं आहातच, तर माझी साक्ष एकदा ऐका. कुठे अडखळले तर सांगा." आणि उभं राहून, खणखणीत आवाजात सुरुवात केली. "मी शपथेवर सांगते की मी खोलीत गेले. खोलीत उजव्या कोपऱ्यात शिलाई मशीन होतं. मशीनवर एक गोधडी पांघरलेली होती, तिच्यावर प्लॅस्टिकचा कागद होता, आणि मशीनच्या पायांखाली चार विटा—"

"थांबा," सरुबाई म्हणाली. "इटा कशाला?"

"विटा होत्या बाई. मी मोजल्या. पोलिसांनी त्या लिहिल्या नाहीत, पण मी सांगणार आहे. साक्ष म्हणजे सगळं सांगायचं!"

"चोरलेल्या मशीनखाली इटा कोण लावतं?"

मग सरुबाई चार वर्षांत पहिल्यांदा झुंबरकडे वळली. "इटा कशाला रे?"

झुंबर आपल्या चपलेकडे बघत म्हणाला, "तू गावी गेली व्हती. महिनाभर. तुझं छप्पर टपकत व्हतं, पाणी धो धो मशीनवर. मी कडी उचकटली आन् मशीन माझ्याकडं आणलं. माझ्या खोलीत बी खालून वल येतं, म्हून इटा लावल्या."

"मंग मले सांगितलं का नाय?"

"तू इचारलं कुठं? मी ड्यूटीवर. घरी आलो तं पोलीस! सगळ्या चाळीसमोर चोर म्हनली मले तू. मंग मी बी ठरवलं, नाय सांगायचं. जा!"

"आन् कोर्टात बी नाय सांगायचं? जेलात गेला असता ना येड्या!"

"गेलो असतो!" झुंबर म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. "गोधडी माझ्या मायची व्हती. ती बी जप्त केली त्यायनं."

सरुबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती रडायला लागली. झुंबर "अवं, रडते कशाला, लोक बघून ऱ्हायले" म्हणत स्वतःच डोळे पुसायला लागला. शैलजाबाई मधे उभ्या. साक्षीचा पुढचा भाग तोंडातच राहिलेला. त्यांनी गडबडीनं दोघांच्या हातात एकेक आंबोळी ठेवली. दुसरं काय करणार!

दोघं जेवली. या खेपेला एकाच दिशेला तोंड करून. आणि मधे बसायला जागा उरली नव्हती, म्हणून बाई कडेला बसल्या.

पाचव्या तारखेला सरुबाईनं अर्ज दिला. तक्रार मिटवायची आहे, साहेबांनी परवानगी द्यावी. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"किसी का दबाव तो नहीं है आप पर?"

"दबाव कसला साहेब! ह्या बाईंच्या आंबोळ्या!"

"कौन सी बाई?"

"ह्या काय. पंच!"

अख्खं कोर्ट वळलं. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. शैलजाबाई उभ्या राहिल्या. काठपदराची साडी, ताठ मान. आता! तीन महिने आरशापुढे घोटलेला तो क्षण आता आला होता!

साहेबांनी अर्ज पुन्हा वाचला आणि जरा हसून विचारलं, "अब गवाही की ज़रूरत नहीं रही। फिर भी, आपको कुछ कहना है?"

बाईंनी तोंड उघडलं. शपथ आठवेना. उजवा कोपरा आठवेना. गोधडी, प्लॅस्टिक, काही म्हणजे काही आठवेना. आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात त्या बोलून गेल्या,

"पुढची तारीख कधीची?"

कोर्ट खदखदून हसलं. शिपाई हसला, झुंबरचा वकील हसला. साहेब मात्र हसले नाहीत. अर्ज बाजूला ठेवून ते हळूच म्हणाले, "बाई, यहाँ तो सब तारीख से छूटने आते हैं।"

"हो, हो. चुकलंच माझं," बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. कान लालभडक!

बाहेर आल्यावर सरुबाईनं त्यांचे पाय धरले. झुंबरनं मोटारसायकल काढली. मागच्या सीटवर सरुबाई बसली, कारण दोघांना एकाच चाळीत जायचं होतं.

"बाई, घरी या बरं! जेवायलेच या!" सरुबाई ओरडली.

"फोन करतो बाई! पक्का!" झुंबर म्हणाला, आणि गाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाली.

बाई डबा हातात घेऊन चालत घरी आल्या. डबा रिकामा असूनही जड लागत होता. साडी बदलली, चहा ठेवला, फोन ओट्यावर समोरच उभा करून ठेवला. आता त्याची रिंग चालू होती. चांगली मोठी!

चहा गाळता गाळता त्यांच्या ध्यानात आलं, की नंबर कुणी घेतलाच नव्हता. आणि त्यांनीही दिला नव्हता. पाच तारखा, चार डबे, पण नंबर काही नाही!

शैलजाबाई ओट्यापाशी एकट्याच हसल्या. हसता हसता चष्मा पुसला. मग फोनची बॅटरी बघितली, तर बारा टक्के. त्यांनी तो चार्जिंगला लावला.

असू दे. वाजला तर!