दोन भोकांचा नियम

आग विझवायला पाणी लागतं आणि तिचं कारण ठरवायला कार्यालय. पाणी बऱ्याचदा उशिरा पोचतं. कार्यालयाला कधीच उशीर होत नाही, कारण ते जागचं हलत नाही. जळलेल्या वस्तूच त्याच्याकडे येतात.

या शहराच्या अग्निकारण प्रयोगशाळेची अकरा वर्षांची कामगिरी थक्क करणारी होती. आलेल्या आगी चारशे बारा. पैकी शॉर्ट सर्किटने लागलेल्या चारशे अकरा. उरलेली एक उघड्या माळावर गवताच्या गंजीला लागली होती. तिथपर्यंत वीज कशी पोचली, याचा तपास चालू आहे. पेट्रोल, रॉकेल, थिनर यांतलं काहीही एकाही नमुन्यात सापडलेलं नव्हतं. नागरिकांची नीतिमत्ता किती सुधारली आहे, हे दाखवणारा निबंध साहेबांनी याच आकड्यांच्या आधारे एका परिषदेत वाचला होता. (टाळ्याही पडल्या.)

बदलून आलेल्या रसायनबाईंना या नीतिमत्तेचं मूळ तिसऱ्या दिवशी सापडलं. ते नोंदणीच्या टेबलावर होतं. आलेला प्रत्येक नमुना कागदी पाकिटात घालायचा, पाकिटाला दाभणाने दोन भोकं पाडायची, त्यांतून लेस ओवायची आणि गाठीवर लाखेची मोहोर उमटवायची, असा नियम होता. हे काम तीस वर्षं एकच कारकून करत होते. सगळे त्यांना दाभणकाका म्हणत आणि त्यांनाही ते आवडत असे.

"काका, ही भोकं कशाला?" बाईंनी विचारलं.

"लेस ओवायला."

"लेस कशाला?"

"मोहोर लावायला."

"आणि मोहोर?"

"आतलं काही बाहेर जाऊ नये म्हणून," काका म्हणाले. बाई शिकलेल्या असून इतकं साधं विचारतात, याचं त्यांना वाईट वाटलं.

पेट्रोल हा मुळात चंचल पदार्थ. फट दिसली की हवा होतो. इथे त्याला दोन सरकारी भोकं आणि तपासणीचा नंबर लागेपर्यंत तीन आठवड्यांची सवड मिळत होती. तेवढ्यात एखाद्या सज्जन माणसालाही पळून जावंसं वाटेल.

अशात मावशींचं प्रकरण आलं. मावशी एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या दुकानात बावीस वर्षं शिवणकाम करत. मालकाला तिथे उंच इमारत उठवायची होती. बाकीचे भाडेकरू गेले, मावशी काही हलेनात. मालकाने त्यांची वीज तोडली, तर त्या खिडकीशी बसून पायमशीन चालवू लागल्या आणि कोळशाच्या इस्त्रीवर निभावू लागल्या. दोन महिन्यांनी, सुट्टीच्या दुपारी, मावशी लेकीकडे गेलेल्या असताना दुकान जळालं. शॉर्ट सर्किट ठरलं तर इमारत धोकादायक म्हणून महिन्याभरात पाडली जाणार होती. कोणी आग लावली असं ठरलं, तर खटल्याचा निकाल लागेपर्यंत जागा मावशींची राहणार होती.

बाई स्वतः जागेवर गेल्या. (प्रयोगशाळेतून पूर्वी कोणी गेलेलं नसल्यामुळे जाण्याचा अर्ज कोणत्या नमुन्यात करायचा, हे कोणालाच सांगता आलं नाही.) छताजवळच्या तारांचं वेष्टण शाबूत होतं. सगळ्यांत जास्त जळाली होती ती दारापाशची फळ्यांची जमीन, तीही सांडलेल्या पाण्याच्या थारोळ्यासारख्या आकारात. आग मुकाट वर चढणारी गोष्ट आहे. कोणी काही ओतल्याशिवाय ती जमिनीला अशी चिकटून बसत नाही. बाईंनी रंगाच्या दुकानातून घट्ट झाकणाचे दोन कोरे पत्र्याचे डबे आणले आणि फळीचे तुकडे त्यांत बंद केले. त्याच दिवशी एक डबा तपासला. अकरा वर्षं नुसती सपाट रेघ काढत आलेल्या यंत्राने आलेखाच्या कागदावर पेट्रोलचे उंचवटे ओळीने काढून दिले.

"ताई, लागला का काही पत्ता?" बाहेर बाकावर बसलेल्या मावशींनी विचारलं.

"लागला, मावशी."

"मग मशीन दुरुस्तीला टाकू ना मी?"

"टाका," बाई म्हणाल्या. नोकरीत इतकं बरं त्यांना कधीच वाटलं नव्हतं.

साहेबांनी कागद शांतपणे पाहिला. "वीज कधी तोडली होती?"

"दोन महिन्यांपूर्वी."

"म्हणजे तारांत उरलेली वीज असणार," साहेब म्हणाले आणि 'शिल्लक विजेमुळे शॉर्ट सर्किट' असा नवा प्रकार त्यांनी तिथल्या तिथे शोधून काढला. राहिला पेट्रोलचा प्रश्न. नोंद होण्याआधी सापडलेलं पेट्रोल नियमाने सापडलेलं नव्हतं. आधी डब्याची नोंद, मग तपासणी.

दाभणकाकांनी खिळा आणि हातोडी मागवली. बाईंनी डबा पोटाशी धरला, समजावलं, चिडल्या, शेवटी त्यांना रडू आलं. काका फार सौजन्याने म्हणाले, "बाई, माझं डब्याशी काही वैर नाही." मग त्यांनी दोन सुबक भोकं पाडली, लेस ओवली आणि मोहोर लावली. तीन आठवड्यांनी नंबर लागला, तेव्हा त्या डब्यात एक प्रामाणिक लाकडाचा तुकडा होता. बाकी काही नाही.

पण नियम बनवणारे निर्दय नसतात. अहवालाला हरकत असल्यास ती पंधरा दिवस दर्शनी फलकावर लावता येते आणि प्रकरणाशी संबंध नसलेल्या एका, फक्त एका, नागरिकाने तिच्यावर सही केली तर फेरतपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेत होते. बाई नोकर, मावशी पक्षकार. दोघींची सही चालत नव्हती. बाईंनी सगळा प्रकार साध्या भाषेत लिहून काढला, दुसरा डबा भोकांशिवाय आपल्या कपाटात आहे हेही लिहिलं, आणि तळाशी ठळक अक्षरांत एका सहीची विनंती केली. मावशी फलकाखाली स्टूल टाकून हातात पेन घेऊन बसल्या.

पंधरा दिवसांत फलकासमोरून नऊ हजार तीनशे माणसं गेली. एकसष्ट थांबली. शेवटपर्यंत वाचणारे चार निघाले. पैकी तिघांनी शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या आणि बाईंनी त्या सुधारल्या.

चौथे तुम्ही. शेवटच्या दिवशी, पावणेपाचला, कसलासा दाखला घ्यायला आला होतात. तुम्ही सगळं वाचलंत, अगदी तळाच्या ओळीपर्यंत, आणि "काय चाललंय हे" असं मनापासून म्हणालात. मग फलकाच्या काचेत बघून केस सारखे केलेत. मावशी उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी पेन पुढे केलं.

"नको मावशी," तुम्ही खिसा चाचपत म्हणालात, "माझ्याकडे आहे." आणि दाखल्याच्या रांगेत जाऊन उभे राहिलात.