श्वास पुकारणारे नलवडेकाका

नलवडेकाका श्वास पुकारायचे. मला दुसरा शब्द सापडत नाही. मांडी घालून, डोळे मिटून, घसा खाकरून ते सुरू करायचे, "लक्ष द्या! नाकावाटे येणारा श्वास आत येत हाय. आत येत हाय. बसलेल्यांनी जागा सोडू नये." मग शांतता. माणसं फुगून बसलेली. एखाद्याचे डोळे बाहेर यायला लागले की काका गर्जायचे, "श्वास सुटत हाय!" आणि अख्खा हॉल एकदम रिकामा व्हायचा.

काकांनी सगळी नोकरी सांगलीच्या स्टँडवर गाड्या पुकारण्यात घालवली होती. मूळ गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढं. रिटायर झाले तरी आवाज अजून ड्युटीवरच होता. साधं "पाणी द्या" म्हणाले तरी चारजण आपापल्या पिशव्या उचलायचे.

मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे. छातीच्या रुग्णांसाठी दर शनिवारी सकाळी आमच्या दवाखान्याशेजारच्या हॉलमध्ये मी श्वासाचे व्यायाम घेते. कुणाला जुना दमा, कुणाची फुप्फुसं चुलीच्या धुरानं गेलेली. अशा वर्गात एक दिवस काका आले आणि म्हणाले, "मॅडम, मला दम लागतो."

मी त्यांच्या हातात ते तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र दिलं. नळीतून श्वास ओढला की गोळ्या वर चढतात. आमच्याकडं एक गोळी हलली तरी टाळ्या पडतात. काकांनी ओढलं आणि तिन्ही गोळ्या वर जाऊन टक्कन आपटल्या.

"काका, तुम्हाला तर काहीच झालेलं नाही."

"आतून लागतो," काका गंभीरपणे म्हणाले, आणि पुढच्या रांगेत जाऊन बसले. त्यानंतर एकही शनिवार चुकला नाही. प्रत्येक व्यायाम ते दोनदा विचारून घ्यायचे. "आडवं झाल्यावर करायचा व्हय? आन खोकला आला तर?" मला वाटलं, एकटा माणूस असेल, वेळ जात नसेल.

पुढं असं ठरलं की रुग्णांना घरी ऐकायला एक रेकॉर्डिंग करून द्यावं. सूचनांना आवाज काकांचा, थोडा मऊ करून, आणि मागं सावकाश वाजणारं संगीत. आवाज मऊ झाला. संगीतावर मात्र गाडी अडली. काका परवानगीच देईनात.

मी बासरी आणली. त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि मान हलवली. "ही बाई घाट चढतीया, पर उतरायचं नावच न्हाई. ऐकणाऱ्यानं श्वास सोडायचा कवा?"

पाण्याच्या खळखळाटाची चाल आणली, तर अर्धा वर्ग उठून बाथरूमकडं गेला. पाखरांचा किलबिलाट लावला, तेव्हा सरूआजी बसल्या जागेवरून "हाऽऽड, हाऽऽड" करत हात उडवायला लागल्या. सरूआजीही माणच्याच. लेकीकडं मिरजेला उपचारासाठी राहायच्या. "शाळूवर पाखरं पडली, आन मी हितं डोळं मिटून बसू व्हय गं?" असं मलाच झापलं त्यांनी. त्या दिवशी त्यांना जो दम लागला, तो उतरवायला मला पाऊण तास लागला.

शेवटी मी मिरजेच्याच एका कारागिराकडं गेले आणि त्याच्या नव्या तंबोऱ्याचा झंकार मोबाइलवर भरून आणला. माझी खात्री होती की हे तरी पसंत पडेल. काकांनी ऐकलं. दोन क्षण चेहरा सैल पडला. मग म्हणाले, "इंजिन चालू ठिवून डायव्हर च्याला गेलाय."

"म्हणजे नको?"

"तसं न्हाई. घरी नेऊन बघतो. पुढल्या शनिवारी सांगतो."

दरवेळी हेच. वर्गात मान हलवली तरी प्रत्येक चाल ते आपल्या मोबाइलवर घालून घरी न्यायचे आणि आठवड्यानं नकार घेऊन यायचे. तंबोराही नापास झाला. वर्गात ताण वाढायला लागला. सैल पडायला आलेली माणसं काकांच्या निकालाकडं डोळे लावून ताठ बसायची. दोघांनी तर मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, ह्यांना आवरा, नाहीतर आम्ही येत नाही." मोठे डॉक्टरही रेकॉर्डिंगचं काय झालं म्हणून विचारून गेले होते.

एका शनिवारी मी ठरवूनच गेले, की आज निकाल लावायचा. काका स्वतः एक चाल घेऊन आले होते, हार्मोनियमचे लांब लांब सूर. त्यांचा मोबाइल हॉलच्या स्पीकरला जोडला आणि आम्ही ऐकायला बसलो. अर्ध्यातच काका म्हणाले, "ह्येबी न्हाई जमत."

"तुम्हीच आणलंय ना, काका?"

"आणलं म्हनून काय झालं? मधी मधी दचकतंय ते."

"आम्हाला तर कुणाला दचकायला झालं नाही," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "रेकॉर्डिंग ह्या लोकांसाठी आहे. तुम्हाला धड आजारही नाही. नेमकं कुणासाठी नापास करताय तुम्ही सगळं?"

काका चाल बंद करायला मोबाइलकडं वळले.

तेवढ्यात सूर तुटले आणि फोन वाजला. काकांनी घाईनं हिरवं बटण दाबलं. मोबाइल स्पीकरलाच जोडून त्यावर ठेवलेला होता, त्यामुळं पलीकडचा आवाज अख्ख्या हॉलमध्ये घुमला.

आधी नुसता श्वास. आखूड, वरच्यावर, शिट्टीसारखा. मग एका बाईचा आवाज, शब्दाशब्दाला तुटणारा. "आवं... लाईट... गेलीया... मशीन... बंद..."

तो श्वास कसला, हे त्या हॉलमध्ये कुणालाही सांगायची गरज नव्हती. प्रत्येकानं तो स्वतःच्या छातीत कधी ना कधी ऐकलेला होता.

"कोण आहे, काका?"

"हिरा. माझी मंडळी." काकांचा चेहरा पांढरा पडला होता. "हवेचं मशीन हाय घरी. त्याच्यावर असती ती. ल्हान सिलिंडर हाय कोपऱ्यात, पर त्याची किल्ली तिच्यानं फिरत न्हाई."

"शेजारी कोण?"

"शिंदे वहिनी. घराची चावी असती त्यांच्याकडं. नंबर ह्यातच हाय."

फोन चालू ठेवूनच मी त्यांच्या मोबाइलमधून नंबर काढला आणि माझ्यावरून लावला. घंटी वाजत राहिली. कुणी उचलेना. स्पीकरमधला श्वास आणखी आखूड झाला.

"काका, बोला तिच्याशी! तुमचा आवाज ऐकू दे तिला. हळू सोडायला सांगा."

काका स्पीकरसमोर गुडघ्यावर बसले. सगळा स्टँड गाजवणारा तो माणूस. तोंड उघडलं. "हिरा... श्वास..." आणि पुढं घशातून नुसती हवा आली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. मग दोन्ही हातांनी त्यांनी तो स्पीकर धरून ठेवला, जणू तोच खाली पडणार होता.

सरूआजी उठल्या. भिंतीला धरत धरत आल्या, काकांना कोपरानं बाजूला सारलं आणि स्पीकरवर वाकल्या.

"पोरी, मी सरू. भिऊ नको. व्हट बारीक कर. चुलीत फुंकर घालतीस का न्हाई, तशी घाल. सावकाश. इस्तू उडू द्यायचा न्हाई. हां, फूऽऽऽ."

पलीकडं एक ठेच लागल्यासारखा आवाज झाला.

"आमीबी घालतो तुझ्यासंगट," आजी म्हणाल्या आणि आमच्याकडं वळून ओरडल्या, "बघत काय बसलाय? फुंका की!"

आणि सगळा वर्ग फुंकायला लागला. ज्यांनी काकांना आवरा म्हणून सांगितलं होतं, तेही. कुणाचा श्वास लांब, कुणाचा मधेच तुटणारा, कुणी खोकत खोकत. पण हळूहळू तो एक झाला. फूऽऽऽ. थांबायचं. फूऽऽऽ. मी फोन कानाला लावून उभी होते आणि नकळत मीही फुंकत होते.

दुसऱ्यांदा लावल्यावर शिंदे वहिनींनी फोन उचलला. मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. त्या "आले, आले" म्हणाल्या एवढं खरं. मग स्पीकरमधून कुलूप उघडल्याचा आवाज, भांडं पडल्याचा आवाज, आणि शेवटी सिलिंडरची ती बारीक फुसफुस.

आम्ही फुंकतच होतो. कुणाची थांबायची हिंमत होईना.

बऱ्याच वेळानं स्पीकरमधून आवाज आला, दमलेला पण सबंध. "आवं, एवढी मानसं कुठनं गोळा केलीत? बास म्हणावं त्यास्नी. दम लागंल."

हॉल हसला आणि रडला. काका मात्र हलले नाहीत. स्पीकर धरून तसेच बसून होते.

मी त्यांना माझ्या स्कूटरवर घालून सांगलीला नेलं. वाटेत ते एकदाच बोलले. "तिला म्हनलं हुतं, चल वर्गाला. ती म्हनती, नाकात नळी घालून चारचौघांत जायला मी काय येसन घातलेला बैल हाय व्हय? मग म्हनलं, आपुनच शिकून यावं."

घरी लाईट आलेली होती. मशीन सुरू झालं होतं. हिराकाकू पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, बारीक चणीच्या, नाकात नळी, कपाळावर ठसठशीत कुंकू. मी नाडी बघितली, बोटाला यंत्र लावून ऑक्सिजन बघितला. ठीक होता. काकांनी काकूंच्या पायावरची चादर सारखी केली, ती आधीच सारखी होती, आणि चहा करतो म्हणून आत गेले.

"ती समदी गाणी मीच नापास केली हो," काकू म्हणाल्या. "हे मोबाईल उशाला ठिवून माझ्या छातीकडं बघत बसायचे. जरा दम चुकला की बंद करायचे. म्हनायचे, हिला जमतंय तेच लोकास्नी द्यायचं."

"तुम्ही यायला हवं होतंत, काकू."

"आता यीन. त्या म्हातारीला बघायचंय मला." आत कपबशा वाजल्या, तेव्हा आवाज उतरवून म्हणाल्या, "एक सांगू? बोलू नका त्यास्नी. रात्री हे झोपत न्हाईत. अंधारात माझा श्वास ऐकत पडत्यात. मग मी डोळं मिटून मुद्दाम लांब लांब श्वास घेती. लय जड जातंय, पर घेती. त्याबिगर त्यास्नी झोप न्हाई लागत."

काका चहा घेऊन आले. "काय बोलत हुता?"

"काय न्हाई," काकू म्हणाल्या. "साखर कमी घातली काय बघा."