तुलारामची सरळमार्गी फटफटी

तुलारामने फटफटीचे पुढचे दांडे लांबवून आणले, तेव्हा अर्धे कारधा गाव ती पाहायला लोटले. अठ्ठ्याहत्तर साली कॅलेंडरावर त्याने एक विलायती गाडी पाहिली होती. हँडल छातीपर्यंत वर, चाक हातभर पुढे. भंडाऱ्याच्या वेल्डरकडून तुकडे जोडून त्याने आपलीही तशीच करून घेतली.

"अजी, हे चाक आपल्यासंगच येते, का पुढच्या गावाले निघालं?" बायकोने, चंद्रकलाने विचारले.

"तुले काय समजते? रेल्वेसारखी जाते!"

हे खोटे नव्हते. सरळ रस्त्यावर गाडी रेषा सोडत नसे. पंचाईत वळणावर होती. हळू वळवली की ते लांबचे चाक एकदम बाजूला कलंडे. वेगात असली, तर हँडल कितीही दाबा, गाडी आधी विचार करी, मग वळे. पहिल्याच आठवड्यात तो वळणावरच्या गोदावरीबाईंच्या अंगणात शिरला. दुसऱ्यांदा शिरला तेव्हा त्यांनी चहाच टाकला.

लाखनीजवळच्या शंकरपटाच्या शर्यतीत सासऱ्यांची, यादोरावांची बैलजोडी धावणार होती. चंद्रकलाने माहेरी असताना हाताने चारून वाढवलेली जोडी. यादोरावांनी निरोप धाडला, "जवाईबापू, पटाले या, पण पोरीले यष्टीनं आना." हे तुलारामला झोंबले. सकाळीच त्याने बायकोला मागे बसवले आणि किक मारली.

हमरस्त्यावर गाडी बाणासारखी गेली. पटाच्या शेताशी रस्ता डावीकडे वळला. गाडी वळली नाही. बांधाच्या खिंडारातून उतरली ती थेट दाणीत, म्हणजे बैलांच्या धावपट्टीत.

"अजी, ब्रेक मारा नं!"

तो ब्रेक दाबणार, तोच शेजारच्या दाणीतून एक जोडी सुसाट आली. छकड्यावर हाकणारा नव्हता. तो मागे धुळीत लोळत होता. आणि दाण संपत होती तिथे बांधावर बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या.

"थांबू नका!" चंद्रकला ओरडली. "बाबाचे बैल आहेत! त्यायच्या बराबर चाला!"

दुसरीकडे जाणे तुलारामच्या हातात नव्हतेच. त्याने मूठ पिळली. उधळलेल्या मातीतही चाक रेषा सोडीना. गाडी बैलांच्या तोंडाबरोबर आली, तशी चंद्रकला नवऱ्याचा सदरा धरून अर्धी उभी राहिली.

"होऽऽ चांद्या! होऽऽ रे पाखऱ्या, कोठी चालला माहा राजा?"

बैलांचे कान हलले. पाखऱ्याने मान वळवली. पाय मंदावले, आणि बायांच्या अलीकडे जोडी फुरफुरत उभी राहिली. फटफटी मात्र पुढे जाऊन तणसाच्या, भाताच्या पेंढ्याच्या ढिगात घुसली.

यादोराव धापा टाकत आले. त्यांनी आधी बैलांच्या पाठीवर हात फिरवला, मग पोरीच्या. शेवटी तणसातून जावयाला ओढून काढत म्हणाले, "जवाईबापू, अशी सरळ चालनारी गाडी म्या जिंदगीत नाही पाह्यली!"

गड्यांनी गाडीही ढिगातून मागे ओढली. हार आले, गुलाल उधळला. तुलाराम ऐटीत गाडीवर बसला आणि परत फिरायला त्याने हँडल वळवले. चाक कलंडले. पुन्हा वळवले, पुन्हा कलंडले. सगळा पट बघत होता.

"काय झालं?" यादोरावांनी विचारले.

"मामाजी," तुलाराम कुजबुजला, "वळून नाही राह्यली."

यादोरावांनी पागोटे सावरले आणि गर्दीला हाक दिली, "पाहून काय राह्यले रे? उचला माह्या जवायाले!"

गड्यांनी त्याला फटफटीसकट खांद्यावर घेतले. डफ वाजू लागले. तुलाराम वरून सगळ्यांना हात जोडत होता. गाडीचे तोंड रस्त्याकडे झाले, तसा तो ओरडला, "बस, बस! इथंच ठेवा!"

पण डफांपुढे ऐकतो कोण? गड्यांनी नाचत-नाचत अख्ख्या शेताला फेरी मारली, आणि गाडी उचलली होती तिथेच, तणसाकडे तोंड करून, मोठ्या मानाने ठेवून दिली.