सोमवारी येऊ नकोस

"लवू, उद्या सोमवारी येऊ नकोस."

नाहूरच्या त्या सोसायटीत लवू परब अकरा वर्षं गेटवर बसत होता. सकाळी सात ते संध्याकाळी सात, आठवड्याचे सातही दिवस. सेक्रेटरी अनंतकाकांचं बोलणं ऐकून त्याच्या हातातला चहा हातातच राहिला.

"काय चुकलं, काका?"

"चुकलं आमचं. कायद्याने आठवड्यातून एक सुट्टी द्यावीच लागते, तीही भरपगारी. आजच पेपरात वाचलं, तेव्हापासून घास उतरत नाहीये. उद्या गेटवर मी बसेन. तू आत दिसलास तर मी अडकेन."

अनंतकाकांनी बँकेत पस्तीस वर्षं काढली होती आणि स्वतःची एकही रजा बुडू दिली नव्हती. तरीही लवूच्या रजेचा कायदा त्यांना सापडायला अकरा वर्षं लागली, याची त्यांना मनापासून लाज वाटत होती. लवूला मात्र ती लाज दिसली नाही. त्याला फक्त 'येऊ नकोस' एवढंच ऐकू आलं.

भांडुपच्या खोलीत जानकीने सगळं ऐकून घेतलं. "पगार देतत आणि काम नको म्हणतत? असो कोण देव लागून गेलो?"

"बाबांका गिरणीत असाच सांगितल्यानी. चार दिवस घराक बसा. ते चार दिवस अजून संपूक नाय."

त्या घरात 'सुट्टी' हा शब्द असा आला होता. गेल्या मंगळवारी दुपारी लागलेली डुलकी काकांनी पाहिली असणार, असं लवूने रात्रभरात नक्की करून टाकलं.

सोमवारी तो साध्या कपड्यात सोसायटीसमोरच्या पानाच्या टपरीआड उभा राहिला. खुर्चीत नवा वॉचमन दिसला की संपलंच. पण खुर्चीत खरोखरच काका होते, पाठीला उशी लावून. लवू आणखीच घाबरला. आधी काम शिकून घेणार आणि मग काढणार, हे उघड होतं.

काका बसले होते ते कायद्याला धरूनच. दूधवाल्याची सही, पेपरवाल्याची सही. पंधरा वर्षं दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या रेवतीकडेही त्यांनी ओळखपत्र मागितलं. त्यात स्कूल व्हॅन अडकली, व्हॅनमागे दोन रिक्षा अडकल्या. पंप लावायला काका मीटररूममध्ये गेले, तर दाराशी एक वीट अडकवलेली. एवढी बेशिस्त त्यांना बघवेना. येताना त्यांनी वीट काढून टाकली आणि दार ओढून घेतलं. ते दार आपोआप लॉक होतं, हे फक्त लवूला ठाऊक होतं. आणि चावी लवूच्या खिशात होती.

तासाभराने गच्चीवरून पाण्याची धार लागली.

"काका, पंप बंद करा ना!" रेवती खिडकीतून ओरडली. काका दाराशी झटत होते. आता मात्र लवूला राहवेना. तो धावत गेटपाशी आला.

"काका, चावी."

"आत पाऊल टाकू नकोस. सुट्टी आहे तुझी."

काका गेटपाशी आले, तसा त्याने गजांतून जुडगा दिला. त्यात एकोणीस चाव्या होत्या.

"कुठली रे?"

"पितळेची. पण नुसती फिरवून नाय होत. दार वर उचलायचं, गुडघा लावायचा, मग फिरवायची."

काकांनी परत जाऊन दाराला गुडघा लावला आणि तोच धरून ते तिथेच खाली बसले.

"अहो, त्याला घ्या ना आत," रेवती म्हणाली.

"घेतलं तर ते काम ठरेल. मग दुप्पट ओव्हरटाइम आणि वर बदली सुट्टी. म्हणजे परत मीच इथे."

"मग पाहुणा म्हणून येऊ?" लवूने विचारलं.

यावर काकांकडे कायदा नव्हता. त्यांनी लंगडत येऊन रजिस्टर पुढे केलं. "नाव लिही. कुणाला भेटायचंय?"

"पंपाला."

पंप बंद झाला. काका भिजलेल्या उशीवर टेकले. लवू समोर उभा राहिला आणि आदल्या दिवसापासून मनात घोळत असलेलं एकदाचं बोलला.

"काका, खरं सांगा. काढताय का मला?"

"काढतोय?" काकांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "अरे, अडीच तास झाले मला इथे बसून. गुडघा गेला, रेवतीची बोलणी खाल्ली, व्हॅनवाला काय बोलला ते सांगण्यासारखं नाही. तू अकरा वर्षं हे केलंस, तेही सुट्टीशिवाय. आता काढलं तर सोसायटी मला काढेल. मंगळवारी वेळेवर ये, बाबा."

लवूला हायसं वाटलं. तो पायरीवर बसला आणि उगाचच हसत सुटला. त्याने जानकीला फोन लावला. "नाय काढल्यानी. खरीच सुट्टी आसा."

काका हळूच जवळ आले. "लवू, आलाच आहेस तर... मी जरा वर जाऊन येतो. पाच मिनिटं बसतोस?"

लवूने खुर्चीकडे पाहिलं, मग काकांकडे. दया आली त्याला. पण जे वाक्य त्याच्या बापाला कधीच म्हणता आलं नव्हतं, ते त्याने सावकाश, चव घेत म्हटलं.

"नाय, काका. आज सुट्टी आहे माझी."

आणि जेवायला दुपारीच घरी पोचला. सोमवारी दुपारी नवऱ्याला काय वाढायचं, हे जानकीलाही ठाऊक नव्हतं. तिने आधी त्याला बसायला पाट दिला, मग ती एकेक डबा उघडून बघू लागली.